स्टेटसवरचा शब्द आणि कलम १९

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी ऑगस्ट २०२२ मध्ये आपल्या व्हॉट्सॲप स्टेटसवर दोन गोष्टी लिहिल्या. ५ ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस आहे, ही एक. १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा, ही दुसरी. पालक-शिक्षकांच्या ग्रुपमधल्या लोकांनी ते पाहिलं, आणि हातकणंगले पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला. कलम लावलं भारतीय दंडसंहितेचं १५३-अ, म्हणजे धर्म, वंश, भाषा अशा कारणांवरून समाजगटांमध्ये वैर वाढवणं. गुन्हा रद्द करावा म्हणून प्राध्यापक मुंबई उच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०२३ मध्ये तिथे नकार मिळाला. शेवटी ७ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने तो गुन्हा रद्द केला.

त्या दोन वाक्यांशी सहमत व्हावं, असं न्यायालयाने कोणालाही सांगितलं नाही. कलम ३७० निष्प्रभ करण्याच्या निर्णयावर टीका करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे, आणि शेजारच्या देशातल्या लोकांना त्यांच्या स्वातंत्र्यदिनी सदिच्छा दिल्याने दोन समाजांत वैर पेटत नाही, एवढंच सांगितलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, भाषणस्वातंत्र्याचा अर्थ पोलीस यंत्रणेला समजावून देण्याची वेळ आली आहे, असंही न्यायालयाने नमूद केलं.

हा निकाल मला दुसऱ्याही एका कारणासाठी मोलाचा वाटतो. कुणाच्या बोलण्याने वैर वाढतं की नाही, हे मोजायचं कोणाच्या नजरेने? चटकन भडकणाऱ्याच्या, की घाबरटाच्या, की आणखी कुणाच्या? व्हॉट्सॲप स्टेटससाठी न्यायालयाने जे माप वापरलं, ते ठरलं होतं नागपुरात, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारविरुद्धच्या एका खटल्यात नागपूर उच्च न्यायालयाचे न्या. व्हिव्हियन बोस यांनी म्हटलं होतं की शब्दांचा परिणाम विवेकी, खंबीर आणि धैर्याच्या माणसाच्या दृष्टीने तपासायचा. दुबळ्या, डळमळत्या मनाच्या किंवा विरोधी मताचा वास येताच धोका दिसणाऱ्या माणसाच्या दृष्टीने नव्हे. १९८८ मध्ये दूरदर्शनवरच्या ‘तमस’ मालिकेवर बंदी मागितली गेली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने हेच माप हाती घेतलं. पुढेही ते पुन्हा पुन्हा वापरात आलं आणि अखेरीस हातकणंगल्याच्या गुन्ह्यापर्यंत येऊन पोचलं.

इंटरनेटवरचं भाषणस्वातंत्र्य हा काही नव्या युगाने दिलेला नवा हक्क नाही. राज्यघटनेत इंटरनेट हा शब्दच नाही, आणि तो घालावा लागला नाही. साप्ताहिकं, दैनिकं आणि मालिका यांच्यासाठी जे नियम न्यायालयात झगडून मिळवले गेले, तेच फोनला लागू झाले. त्या झगड्यातले कितीतरी टप्पे मुंबई, पुणे, नागपूर, पालघर अशा आपल्या गावांतून गेलेले आहेत. आपल्या हातातल्या फोनला असलेलं संरक्षण कुठून आलं, ते मराठी वाचकाला माहीत असायला हवं.

सुरुवात मुंबईत छापल्या जाणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ या इंग्रजी साप्ताहिकापासून करावी लागते. रमेश थापर हे त्याचे संपादक, विचाराने डावे आणि नेहरू सरकारच्या धोरणांवर सडकून टीका करणारे. राज्यघटना लागू होऊन जेमतेम महिना उलटला होता, तोच १ मार्च १९५० रोजी मद्रास सरकारने हुकूम काढला की हे साप्ताहिक मद्रास राज्यात आणायचं नाही, विकायचं नाही. थापर थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. २६ मे १९५० रोजी निकाल लागला आणि बंदी घटनाबाह्य ठरली. न्यायालयाचं म्हणणं असं की छापण्याचं स्वातंत्र्य आहे पण वाटण्याचं नाही, असं होऊ शकत नाही. लोकांपर्यंत पोचण्याला मज्जाव केला की छापण्याला अर्थ उरत नाही. वेबसाइट ब्लॉक होते किंवा एखाद्या जिल्ह्याचं इंटरनेट बंद होतं, तेव्हा वाद नेमका याच मुद्द्याचा असतो. लिहिण्यावर बंदी नसते. लिहिलेलं कुणापर्यंत पोचत नाही.

त्या निकालातला दुसरा मुद्दा अधिक खोल आहे. घटनेच्या कलम १९(१)(अ) मध्ये भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य आहे. त्याच्या पाठोपाठ १९(२) येतं, आणि सरकार कोणत्या कारणांसाठी त्या स्वातंत्र्यावर निर्बंध घालू शकतं ते सांगतं. १९५० मध्ये त्या यादीत ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे कारण नव्हतं. मद्रासचा कायदा मात्र त्याच नावाने चालत होता. यादीत नाही त्या कारणासाठी तोंड बंद करता येणार नाही, असं न्यायालयाने बजावलं.

सरकारने वर्षभरात यादीच बदलली. जून १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने सार्वजनिक सुव्यवस्था, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध आणि गुन्ह्याला चिथावणी ही कारणं आणली. १९६३ मध्ये सोळाव्या दुरुस्तीने देशाची सार्वभौमता आणि अखंडता हे कारण जोडलं. राज्याची सुरक्षितता, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान आणि अब्रुनुकसानी धरून आज ही आठ कारणं आहेत. पहिल्या दुरुस्तीवर आजही कडवट टीका होते, आणि त्या टीकेत तथ्य आहे. पण त्याच दुरुस्तीने १९(२) मध्ये ‘वाजवी’ हा शब्दही आणला: निर्बंध वाजवी असले पाहिजेत. निर्बंध वाजवी आहे की नाही, हे सरकार ठरवत नाही, न्यायालय ठरवतं. पुढच्या सगळ्या लढायांत नागरिकाच्या हाती जे शस्त्र राहिलं, ते हेच.

पुण्याच्या ‘सकाळ’ची गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत बोलकी वाटते. ना. भि. परुळेकरांनी १९३२ मध्ये सुरू केलेला हा पेपर कमी किमतीत भरपूर मजकूर देत असे. केंद्र सरकारने १९५६ चा कायदा आणि १९६० चा आदेश यांच्या जोरावर किती किमतीत किती पानं द्यायची, याचा तक्ता बांधून दिला. म्हणजे ‘सकाळ’ने एक तर किंमत वाढवायची, नाही तर पानं कमी करायची. किंमत वाढली की वाचक घटणार; पानं घटली की मजकूर जाणार. सरकारचा बचाव ऐकायला चांगला होता: मोठे पेपर छोट्यांना गिळतात, छोट्यांना जगवायला हवं. शिवाय पेपर हा धंदाच आहे, आणि धंद्यावर लोकहितासाठी निर्बंध घालायला घटना परवानगी देते.

‘सकाळ’ न्यायालयात गेला. त्याचे काही वाचकही स्वतंत्र अर्ज घेऊन गेले, ही गोष्ट विसरता कामा नये. आपला पेपर वाचण्याचा हक्क आपलाही आहे, असं त्या वाचकांना वाटलं. सप्टेंबर १९६१ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाचा निकाल न्या. ज. र. मुधोळकरांनी दिला आणि आदेश रद्द झाला. त्यातला नियम असा: धंद्यावर लोकहितासाठी निर्बंध घालता येतात हे खरं, पण बोलण्यावर निर्बंध घालताना १९(२) मधलीच कारणं चालतील, आणि ‘लोकहित’ हे त्या यादीत नाही. धंद्याच्या दाराने आत शिरून बोलण्यावर हात टाकता येणार नाही. मजकूर किती आणि वाचक किती, हे दोन्ही मिळून अभिव्यक्तीचा हक्क आहे. सोशल मीडिया कंपन्या नफ्यासाठी चालतात, तेव्हा त्यांच्यावरच्या मजकुराला घटनेचं संरक्षण कशाला, असा युक्तिवाद आज कुणी केला, तर त्याचं उत्तर पुण्यातल्या एका मराठी पेपराने साठ वर्षांपूर्वीच मिळवून ठेवलं आहे.

आता फोनवरच्या बोलण्याला थेट हात घालणाऱ्या कलम ६६-अ कडे येऊ. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. डिसेंबर २००८ मध्ये, मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यानंतरच्या त्या तणावाच्या दिवसांत, संसदेने त्यात मोठी दुरुस्ती केली. चर्चा जवळपास झालीच नाही. ऑक्टोबर २००९ पासून ती लागू झाली आणि तिच्यासोबत ६६-अ आलं. संगणक किंवा फोनवरून ‘अत्यंत आक्षेपार्ह’ किंवा धमकीवजा मजकूर पाठवला, किंवा त्रास, गैरसोय, अपमान, दुर्भावना यांसाठी जाणूनबुजून खोटी माहिती वारंवार पाठवली, किंवा चीड आणणारा ईमेल केला, तर तीन वर्षांपर्यंत कैद. गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकत. दंडसंहितेत अब्रुनुकसानीला दोन वर्षांची शिक्षा होती. म्हणजे कागदावर एखाद्याची बदनामी केली तर दोन वर्षं, आणि फोनवर कुणाला चीड आणली तर तीन.

या कलमाचे शब्द ब्रिटिश कायद्यांतून उचलले होते आणि त्यांचं मूळ १९३५ च्या पोस्ट खात्याच्या एका दुरुस्तीत होतं. टेलिफोनवरून अर्वाच्य बोलणाऱ्यांना आवरण्यासाठी ती दुरुस्ती होती. एका माणसाने दुसऱ्याला फोन करून शिव्या घालायच्या, हा तिचा विषय. तेच शब्द सगळ्या देशाच्या चर्चेला लावल्यावर काय होणार, हे लवकरच दिसलं. २०१२ च्या मे महिन्यात मुंबईत विमान कंपनीच्या दोन कर्मचाऱ्यांना फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली. त्याच वर्षी कोलकात्यात एका प्राध्यापकाला व्यंगचित्र पुढे पाठवल्याबद्दल, तर मुंबईत व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना त्यांच्या चित्रांबद्दल पकडण्यात आलं.

मग पालघर. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांचं निधन झालं. दुसऱ्या दिवशी अंत्यसंस्काराच्या वेळी मुंबई आणि आसपासचा भाग बंद होता. पालघरमधल्या एकवीस वर्षांच्या मुलीने फेसबुकवर लिहिलं की अशी माणसं रोज जन्मतात आणि जातात, त्यासाठी शहर बंद ठेवायचं कारण नाही. बंद भीतीपोटी होतो, आदरापोटी नव्हे, असा तिच्या लिहिण्याचा आशय होता. तिच्या मैत्रिणीने त्याला ‘लाइक’ दिलं. दोघींना अटक झाली. तिच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. तिथल्या पोलीस अधिकाऱ्यांवर पुढे निलंबनाची कारवाई झाली आणि दोघींविरुद्धचा खटला काही आठवड्यांत मागे पडला. पण ज्या कायद्याने एका ‘लाइक’साठी अटक होऊ शकली, तो पुस्तकात तसाच होता.

दिल्लीतल्या श्रेया सिंघल या कायद्याच्या वाटेवरच्या तरुणीने त्या कलमाला थेट सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. इतरही अर्ज आले. जानेवारी २०१३ मध्ये केंद्राने राज्यांना कळवलं की वरिष्ठ अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय या कलमाखाली अटक करू नये. मे महिन्यात न्यायालयाने ते पाळायला सांगितलं. २४ मार्च २०१५ रोजी न्या. जस्ती चेलमेश्वर आणि न्या. रोहिंटन नरिमन यांच्या खंडपीठाने ६६-अ समूळ रद्द केलं. निकालपत्र नरिमन यांनी लिहिलं.

निकालपत्राचा गाभा एका साध्या विभागणीत आहे. एखाद्या गोष्टीची चर्चा करणं, तिचा प्रचार करणं आणि तिच्यासाठी चिथावणी देणं, या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. चर्चा कितीही अप्रिय असो, प्रचार कितीही बोचरा असो, तोपर्यंत कायद्याचा हात पोचू नये. बोलणं चिथावणीपर्यंत गेलं, तरच १९(२) चा प्रश्न येतो. कुणाला चीड आली, गैरसोय झाली, अपमान वाटला, यातलं काहीही त्या आठ कारणांत बसत नाही. ‘क्रॉस रोड्स’ आणि ‘सकाळ’ या दोन्ही निकालांचा आधार इथे घेतला गेला. मजकूर एकाला पाठवला की हजारोंना, त्यातून दंगा होण्याची शक्यता आहे की नाही, याचा विचारच ६६-अ करत नव्हतं. मग ते सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी आहे, असं म्हणता येईना.

दुसरा दोष संदिग्धतेचा. न्यायालयाने त्यासाठी ब्रिटनमधले दोन खटले मांडले. एका माणसाने खासदाराच्या कार्यालयात फोन करून वर्णद्वेषी भाषेत संदेश ठेवले. खालच्या दोन न्यायालयांना ते ‘अत्यंत आक्षेपार्ह’ वाटले नाहीत, हाउस ऑफ लॉर्ड्सला वाटले. दुसऱ्याने बर्फामुळे विमानतळ बंद पडल्यावर वैतागून ट्विटरवर विमानतळ उडवून देण्याचा विनोद केला. त्याला शिक्षा झाली, अपिलात ती कायम राहिली, आणि २०१२ मध्ये वरच्या न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवलं. एकाच मजकुराकडे पाहून अनुभवी न्यायाधीश उलटसुलट निष्कर्षाला पोचत असतील, तर ठाण्यातल्या अंमलदाराने कसं ठरवायचं आणि सामान्य माणसाने बोलताना कुठे थांबायचं? रेषा कुठे आहे ते कळत नसेल, तर शहाणा माणूस रेषेच्या कितीतरी अलीकडे थांबतो, म्हणजे गप्प बसतो. कायदा कुणालाही तुरुंगात न टाकता लोकांची तोंडं बंद करतो, ती अशी.

सरकारने न्यायालयाला हमी दिली होती की कलम जपून वापरलं जाईल. न्यायालयाने ती स्वीकारली नाही. सरकारं येतात आणि जातात, कलम मात्र पुस्तकात राहतं; आजच्या सरकारची हमी उद्याच्या सरकारला बांधत नाही. कोणत्याही पक्षाच्या समर्थकाने हे लक्षात ठेवावं. आपल्या विरोधकाला आवरायला म्हणून जो कायदा आवडतो, तो कधी तरी आपल्यावर येतो.

ऑनलाइन छळ सोसणाऱ्या बायकांचं काय, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो रास्त आहे. पण ६६-अ गेल्याने त्या उघड्यावर पडल्या नाहीत. पाठलाग, धमकी, खाजगी अवयवांची चित्रं संमतीशिवाय पसरवणं, अश्लील मजकूर, बदनामी यांसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्यात आणि दंडसंहितेत नेमकी कलमं होती, आणि आज दंडसंहितेच्या जागी आलेल्या संहितेतही आहेत. त्यांत गुन्हा काय, हे स्पष्ट लिहिलेलं आहे. आक्षेप त्या स्पष्टतेच्या अभावाला होता.

निकालात सगळंच नागरिकाच्या बाजूने लागलं नाही. वेबसाइट किंवा पोस्ट ब्लॉक करण्याचा सरकारचा अधिकार देणारं कलम ६९-अ कायम राहिलं. कारणं लेखी नोंदवली जातात, ऐकून घेतलं जातं आणि न्यायालयात आव्हान देता येतं, असा त्यामागचा विचार. पण २००९ च्या नियमांत अशा तक्रारी आणि कारवाया गोपनीय ठेवण्याची तरतूद आहे. ज्याची पोस्ट गेली, त्याच्या हाती बहुतेक वेळा आदेशच येत नाही. मग आव्हान कशाला द्यायचं? त्या निकालाची ही बाजू मला कमकुवत वाटते. दुसऱ्यांचा मजकूर ठेवणाऱ्या कंपन्यांच्या जबाबदारीविषयीच्या कलम ७९ बाबत मात्र न्यायालयाने चांगली अट घातली: न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना आल्यावरच मजकूर काढण्याची जबाबदारी कंपनीवर येईल, कुणीही उठून तक्रार केली म्हणून नाही.

आणि आता जी गोष्ट सांगायची, ती महाराष्ट्राने मान खाली घालून ऐकावी अशी आहे. ६६-अ रद्द झाल्यावरही पोलीस ते लावत राहिले. जुलै २०२१ मध्ये हे सर्वोच्च न्यायालयापुढे आलं, तेव्हा न्या. नरिमन यांना धक्का बसला. स्वयंसेवी संस्थांनी जमवलेल्या माहितीनुसार मार्च २०२१ पर्यंत अकरा राज्यांतल्या जिल्हा न्यायालयांत या मेलेल्या कलमाखाली ७४५ खटले प्रलंबित होते. निकालानंतर नोंदलेल्या गुन्ह्यांत पहिला क्रमांक महाराष्ट्राचा होता: ३८१. ज्या राज्यातल्या मुलींच्या अटकेमुळे देशाने ते कलम फेकून दिलं, त्याच राज्यातल्या ठाण्यांत ते सर्वाधिक वापरलं गेलं. शेवटी १२ ऑक्टोबर २०२२ रोजी सरन्यायाधीश उदय लळित यांच्या खंडपीठाने आदेश दिला की या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नये आणि चालू गुन्ह्यांतून ते काढून टाकावं. निकाल लागून साडेसात वर्षं झाली होती.

त्यानंतरची मोठी लढाई मुंबईत झाली. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने माहिती तंत्रज्ञान नियम बदलले. केंद्र सरकारच्या कामकाजाविषयीचा मजकूर खोटा, बनावट किंवा दिशाभूल करणारा आहे, असं सरकारच्याच तथ्यतपासणी कक्षाने ठरवलं, तर तो ठेवणाऱ्या कंपनीने आपलं कायदेशीर संरक्षण गमवायचं. कंपनी काय करणार? मजकूर काढून टाकणार. विनोदकार कुणाल कामरा आणि पत्रकारांच्या संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. ३१ जानेवारी २०२४ रोजी दोन न्यायमूर्तींची मतं विभागली, न्या. गौतम पटेल यांनी नियम रद्द ठरवला, न्या. नीला गोखले यांनी तो वैध ठरवला. केंद्राने २० मार्चला कक्षाची अधिसूचना काढली. दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. २० सप्टेंबर २०२४ रोजी तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी पटेलांच्या बाजूने मत दिलं आणि नियम कोसळला. सरकारविषयीचं खरं-खोटं सरकारने ठरवायचं नाही, असं या निकालाने सांगितलं. खोट्या बातम्यांचा त्रास खरा आहे, मी तो नाकारत नाही. पण त्यावरचा उपाय टीकेचा विषय असलेल्याच्याच हाती देता येत नाही.

इंटरनेट बंदीबद्दल थोडक्यात. काश्मीरमधली बंदी ऑगस्ट २०१९ पासून होती. ‘काश्मीर टाइम्स’च्या संपादक अनुराधा भसीन यांच्या याचिकेवर १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की इंटरनेटमार्फत बोलण्याला आणि व्यवसायाला कलम १९ चं संरक्षण आहे, बंदी बेमुदत असू शकत नाही, आदेश प्रसिद्ध केला पाहिजे. तत्त्व उत्तम सांगितलं, पण बंदी उठवण्याचा थेट आदेश दिला नाही, आणि वेगवान फोर-जी सेवा तिथे परतली ती फेब्रुवारी २०२१ मध्ये. मराठा आंदोलनाच्या काळात २०२३ मध्ये बीड-जालना भागातल्या लोकांनीही अशी बंदी अनुभवली. रुग्णालय, बाजारभाव, परीक्षेचा अर्ज, पैशांचे व्यवहार, सगळं त्याच तारेवर असताना अफवा रोखण्यासाठी तारच कापली, तर अफवा खोडून काढणारी माहितीही थांबते.

हा हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध आहे, हेही नीट समजून घ्यायला हवं. सोसायटीच्या ग्रुपमधून कुणाला काढलं किंवा कंपनीने आपल्या नियमाखाली एखादं खातं बंद केलं, तर लगेच कलम १९ धावून येत नाही. २०२३ मध्ये घटनापीठातल्या बहुमताने हा हक्क खाजगी व्यक्तींविरुद्धही बजावता येईल असं म्हटलं. सोशल मीडिया कंपन्यांसाठी त्याचा अर्थ काय, हे अजून ठरायचं आहे. ग्रुप ॲडमिन मंडळींसाठी मात्र दिलासा नागपूर खंडपीठाकडून आला आहे: गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मार्च २०२१ मध्ये ठरलं की सदस्याने आक्षेपार्ह मजकूर टाकला म्हणून ॲडमिन आपोआप दोषी होत नाही, दोघांचा आधीपासून मेळ होता, हे दाखवावं लागेल.

आज पोलीस ठाण्यातून पोस्टसंबंधी फोन आला, तर आधी कलम विचारा. ६६-अ म्हणाले, तर ते कलम २०१५ पासून अस्तित्वात नाही, हे सांगा. जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. गटांत वैर वाढवणं आता १९६, धार्मिक भावना दुखावणं २९९, अफवा ३५३ आणि अब्रुनुकसानी ३५६. अशा, सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक अपेक्षित नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खाली हजर राहण्याची नोटीस देता येते, आणि नोटिशीचं पालन करणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना कारण नोंदवावं लागतं. तीन ते सात वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यांत गुन्हा नोंदवण्याआधी चौदा दिवसांत प्राथमिक चौकशीची सोय कलम १७३(३) मध्ये आहे. बोलण्या-लिहिण्यावरून तक्रार आली असेल, तर पोलिसांनी ती सोय वापरणं योग्य ठरेल, असं न्या. ओक आणि न्या. भुयान यांनी २८ मार्च २०२५ च्या निकालात सांगितलं आहे. त्या निकालातही माप नागपूरचंच आहे. नोटीस आली तर ती टाळू नका, उत्तर लेखी द्या, वकिलाला सोबत घ्या, आणि पोस्ट घाबरून पुसण्याआधी तिचा स्क्रीनशॉट ठेवा.